नॉर्थ कॅरोलायनातील २०२४ ची राज्यस्तरीय निवडणूक : मतपत्रिकेवरच्या मधल्या ओळी

कॅरीनिवासी (धागाकर्ता)

नोव्हेंबर २०२४ मध्ये आमच्या घरात दोन निवडणुकांची चर्चा एकाच जेवणाच्या टेबलावर होत होती. महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी २० नोव्हेंबरला मतदान झाले. त्याच्या पंधरा दिवस आधी, ५ नोव्हेंबरला, मी ज्या राज्यात राहतो त्या नॉर्थ कॅरोलायनात अध्यक्षपदाबरोबरच राज्याच्या सर्व कार्यकारी पदांसाठी आणि विधिमंडळाच्या सर्व जागांसाठी मतदान झाले. भारतातल्या नातेवाइकांना त्यातले ट्रम्प आणि हॅरिस एवढेच ठाऊक होते. त्यांना काय म्हणणार, इथल्या मराठी घरांतही बोलणे त्यापलीकडे क्वचितच जात असे. त्यानंतर सहा महिन्यांत राज्यात जे घडले, ते पाहून या दुसऱ्या निवडणुकीविषयी सविस्तर लिहावे असे वाटले.

आधी रचना सांगतो, कारण ती आपल्या सवयीपेक्षा फार वेगळी आहे. मी ‘राज्यपाल’ न म्हणता ‘गव्हर्नर’ म्हणणार आहे. आपल्याकडचा राज्यपाल नेमलेला असतो, इथला गव्हर्नर निवडून येतो आणि राज्य चालवतो. पण तो एकटा निवडून येत नाही. महाराष्ट्रात मुख्यमंत्री आपले मंत्री निवडतो, खाती वाटतो आणि नकोसा झालेला मंत्री काढूनही टाकू शकतो. इथे गव्हर्नर धरून दहा पदांवर दहा माणसे जनता स्वतंत्रपणे निवडते : लेफ्टनंट गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, सेक्रेटरी ऑफ स्टेट, ऑडिटर, खजिनदार, शिक्षण अधीक्षक आणि शेती, कामगार व विमा या खात्यांचे आयुक्त. या दहा जणांना मिळून ‘कौन्सिल ऑफ स्टेट’ म्हणतात. गव्हर्नर आणि लेफ्टनंट गव्हर्नर यांची जोडीसुद्धा एकत्र लढत नाही, त्यामुळे ते दोघे विरुद्ध पक्षांचे असणे इथे नेहमीचेच आहे. गव्हर्नरला यांच्यापैकी कोणालाही काढून टाकता येत नाही.

याची मुळे जुनी आहेत. इंग्रज राजाने नेमलेल्या गव्हर्नरांचा अनुभव घेतलेल्या लोकांनी १७७६ च्या राज्यघटनेत गव्हर्नरला जवळजवळ नामधारी ठेवले. त्याची निवड विधिमंडळ करत असे आणि मुदत एका वर्षाची होती. १८३५ च्या दुरुस्तीने त्याची निवड लोकांच्या हाती आली आणि यादवी युद्धानंतरच्या १८६८ च्या घटनेने ऑडिटर, खजिनदार वगैरे पदेही लोकांनी निवडायची ठरवली. गव्हर्नर प्रबळ होऊ नये ही भीती मात्र इतकी टिकली की व्हेटोचा, म्हणजे नकाराचा अधिकार त्याला १९९६ च्या सार्वमतानंतरच मिळाला. तो देणारे हे देशातले शेवटचे राज्य. आजही मतदारसंघांच्या सीमा आखणाऱ्या कायद्यावर त्याचा व्हेटो चालत नाही.

आता निकाल. गव्हर्नरपदी डेमोक्रॅटिक पक्षाचे जॉश स्टाइन सुमारे ५५ टक्के मते मिळवून आले. रिपब्लिकन मार्क रॉबिन्सन यांना ४० टक्के मिळाली. त्याच मतपत्रिकेवर, त्याच मतदारांनी, अध्यक्षपदासाठी ट्रम्प यांना तीन टक्क्यांहून अधिक आघाडी दिली. लेफ्टनंट गव्हर्नर (रेचल हंट), ॲटर्नी जनरल (जेफ जॅक्सन), सेक्रेटरी ऑफ स्टेट (इलेन मार्शल) आणि शिक्षण अधीक्षक (मो ग्रीन) ही पदे डेमोक्रॅटिक पक्षाकडे गेली. ऑडिटर (डेव्ह बोलिएक), खजिनदार (ब्रॅड ब्राइनर), शेती (स्टीव्ह ट्रॉक्सलर), कामगार (ल्यूक फार्ली) आणि विमा (माइक कॉझी) ही रिपब्लिकन पक्षाकडे. दहापैकी पाच इकडे, पाच तिकडे. विधिमंडळात सिनेटच्या, म्हणजे वरच्या सभागृहाच्या, ५० पैकी ३० जागा रिपब्लिकनांनी राखल्या, आणि हाऊसच्या, म्हणजे खालच्या सभागृहाच्या, १२० पैकी ७१. व्हेटो उलटवायला तीन पंचमांश, म्हणजे पूर्ण उपस्थितीत हाऊसमध्ये ७२ मते लागतात. ते बहुमत एका जागेने हुकले. ग्रॅनव्हिल आणि व्हॅन्स काउंटीतली (काउंटी म्हणजे इथला जिल्हा) एक जागा अडीचशेहून कमी मतांनी फिरली, नाहीतर चित्र वेगळे असते.

आता माझे सांगतो. ऑक्टोबरमध्ये आगाऊ मतदानाला मी आमच्या भागातल्या केंद्रावर गेलो. ओळखपत्र दाखवले, लांबलचक मतपत्रिका आणि पेन मिळाले. नावासमोरचा लंबगोल भरायचा, कागद यंत्रात सरकवायचा आणि पडद्यावरचा आकडा एकने वाढलेला पाहून बाहेर पडायचे. अध्यक्ष, काँग्रेस, गव्हर्नर या ओळी मी झटपट भरल्या. शिक्षण अधीक्षकाची ओळ विचार करून भरली, कारण मुले इथल्या शाळेत शिकली. शेवटी आमच्या कॅरी गावातल्या उद्यानांसाठी ५६ कोटी डॉलरचे कर्जरोखे काढावेत का, या प्रश्नावर मी दोन मिनिटे थांबलो, कारण त्याचा संबंध माझ्या घरपट्टीशी होता. ऑडिटरच्या ओळीवर मात्र तीन नावे वाचली, एकही ओळखीचे वाटले नाही, आणि ती ओळ मी कोरी सोडली. सरकारी हिशेब तपासणारा अधिकारी कोण का असेना, असे मला त्या क्षणी वाटले.

पुढच्या पाच आठवड्यांत काय झाले ते पाहा. नवे विधिमंडळ जानेवारीत बसणार होते आणि मावळत्या हाऊसमध्ये रिपब्लिकनांकडे ७२ मते अजून होती. नोव्हेंबरमध्येच विधेयक ३८२ संमत झाले, गव्हर्नर रॉय कूपर यांनी २६ नोव्हेंबरला ते नाकारले, सिनेटने २ डिसेंबरला आणि हाऊसने ११ डिसेंबरला ७२ विरुद्ध ४६ मतांनी तो नकार उलटवला. त्या कायद्याने राज्य निवडणूक मंडळाचे सदस्य नेमण्याचा गव्हर्नरचा अधिकार काढून ऑडिटरला दिला. १ मे २०२५ रोजी ऑडिटर बोलिएक यांनी नव्या मंडळावर नेमणुका केल्या, मंडळातले बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाकडून रिपब्लिकन पक्षाकडे गेले आणि पाठोपाठ कार्यकारी संचालकही बदलले.

म्हणजे जी ओळ मी कोरी सोडली, तिच्यातूनच राज्यातल्या पुढच्या सर्व निवडणुका कोण चालवणार हे ठरले. मतदानाच्या दिवशी मतपत्रिकेवर तसे कुठेही लिहिलेले नव्हते. माझे म्हणणे असे आहे की ज्या पदासाठी लोकांनी मत दिले, ते पद मतदानानंतर बदलणे ही मतदाराची फसगत आहे, मग ते कोणत्याही पक्षाने केलेले असो. पण कायदा तसे करू देतो, हे माहीत झाल्यावर मधल्या ओळी न वाचता मत देण्याची सोय आपल्याला उरलेली नाही. आपली मते वाचायला आवडतील.

---

वाटसरू

अत्यंत माहितीपूर्ण धागा. मी पुण्यात राहतो, तेव्हा दोन प्रश्न बाहेरच्या माणसाचे समजावेत. एक, ट्रम्प यांना मत देणाऱ्या लाखो लोकांनी गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक उमेदवार निवडला, हे नेमके कसे घडले? आपल्याकडेही लोकसभेला एक आणि विधानसभेला दुसरे असे मतदान होते, पण ते वेगवेगळ्या दिवशी, वेगळ्या वातावरणात. एकाच कागदावर, एकाच मिनिटात असे करणे मला नवलाचे वाटते. दुसरा प्रश्न, ज्या राज्यात गव्हर्नरपदाचा उमेदवार पंधरा टक्क्यांनी जिंकतो, तिथे त्याच्याच पक्षाला सिनेटच्या ५० पैकी २० जागा कशा?

---

कॅरीनिवासी (धागाकर्ता)

पहिल्याचे उत्तर थोडे उमेदवारात आहे, थोडे मतपत्रिकेत आणि थोडे सवयीत. मार्क रॉबिन्सन हे राज्याचे पहिले कृष्णवर्णीय लेफ्टनंट गव्हर्नर. त्यांच्या भाषणांतल्या विधानांवर आधीपासून टीका होत होती. सप्टेंबरमध्ये त्यांच्या नावावरच्या जुन्या ऑनलाइन लिखाणाची बातमी एका राष्ट्रीय वृत्तवाहिनीने दिली. त्यांनी ते लिखाण आपले नसल्याचे सांगितले, पण त्यांच्या प्रचारपथकातले प्रमुख लोक सोडून गेले. उमेदवाराचा भाग एवढाच. मतपत्रिकेचा भाग असा की पूर्वी इथे एकच खूण करून एका पक्षाच्या सगळ्या उमेदवारांना मत देता येत असे. २०१३ च्या कायद्याने ती सोय गेली. आता प्रत्येक ओळीवर हात थांबतो, आणि हात थांबला की माणूस विचार करतो. शिवाय या राज्यात कोणत्याच पक्षाकडे नाव न नोंदवलेल्या मतदारांचा गट आता दोहोंपैकी कोणत्याही एका पक्षाच्या नोंदणीकृत मतदारांपेक्षा मोठा आहे.

सवयीचे म्हणाल तर, अध्यक्षपदासाठी रिपब्लिकन आणि गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक हा या राज्याचा जुना परिपाठ आहे. कूपर २०१६ आणि २०२० मध्ये असेच निवडून आले, आणि दोन्ही वेळा राज्य ट्रम्प यांच्याकडे गेले.

दुसरे उत्तर सीमांचे आहे. मतदारसंघ विधिमंडळच आखते आणि त्यावर व्हेटो नाही हे वर लिहिले आहे. डेमोक्रॅटिक मतदार राली, शार्लट, डरम अशा शहरांत दाटीने राहतात. त्यांना थोड्या मतदारसंघांत कोंबले की उरलेले राज्य दुसऱ्या पक्षाला सोयीचे होते. हा वाद २०१९ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पक्षहितासाठी आखलेल्या सीमा हा केंद्रीय न्यायालयांनी सोडवायचा प्रश्न नाही, असे त्या न्यायालयाने ठरवले. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अशा सीमा घटनाबाह्य ठरवल्या. त्याच वर्षीच्या निवडणुकीत त्या न्यायालयाचे बहुमत बदलले आणि एप्रिल २०२३ मध्ये निकाल उलटा झाला. न्यायमूर्तीही इथे लोकच निवडतात, आणि त्यांची ओळ मतपत्रिकेवर आणखी खाली असते.

---

हिशोबनीस

मी शार्लटमध्ये पंधराहून अधिक वर्षे लेखापरीक्षणाचे काम करतो, म्हणून ऑडिटर या पदाविषयी चार शब्द.

आमच्या व्यवसायात पहिल्याच वर्षी एक गोष्ट अंगवळणी पाडतात : ज्याचे हिशेब तपासायचे, त्याच्या कारभारात आपला हात असता कामा नये. एखाद्या कंपनीची वही तपासणाऱ्याने त्याच कंपनीचा व्यवस्थापक नेमला, तर त्याची सही कोणी मानणार नाही. राज्याच्या ऑडिटरचे काम सरकारी खात्यांचे हिशेब आणि कारभार तपासण्याचे. निवडणूक मंडळ हेही राज्याचेच खाते आहे, त्याचेही हिशेब उद्या तपासावे लागतील, आणि ते ऑडिटरच तपासणार. राजकारण बाजूला ठेवले तरी ही रचना मला व्यवसायाच्या दृष्टीने खटकते. माझ्या माहितीत निवडणूक मंडळाच्या नेमणुका ऑडिटरने कराव्यात असे दुसरे राज्य नाही.

आणखी एक. बोलिएक हे मार्च २०२४ च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, थेट निवडून आले नव्हते. रिपब्लिकन पक्षात सहा उमेदवार होते, कोणालाच विजयासाठी आवश्यक असलेली ३० टक्क्यांहून अधिक मते मिळाली नाहीत, म्हणून १४ मे रोजी पहिल्या दोघांत दुसरी प्रायमरी झाली. त्या दिवशी आमच्या मतदान केंद्रावर मी दुपारी गेलो तेव्हा टेबलामागची माणसे मतदारांपेक्षा जास्त होती. अशा दिवशी ठरलेला उमेदवार नोव्हेंबरमध्ये जेमतेम दोन टक्क्यांच्या फरकाने जिंकला, आणि मे महिन्यात निवडणूक मंडळ नेमू लागला. त्यांच्या व्यक्तिगत पात्रतेविषयी मला काहीच म्हणायचे नाही. सांगायचे एवढेच की इतका मोठा अधिकार इतक्या थोड्या लोकांच्या लक्षातून पुढे सरकला.

---

डोंगरवाट

मी राज्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरांतल्या ॲशव्हिलला राहतो, म्हणून विधेयक ३८२ चा दुसरा भाग मला सांगायलाच हवा.

२७ सप्टेंबर २०२४ ला हेलेन वादळ आमच्या डोंगरांतून गेले. शहराच्या नळाला पिण्याजोगे पाणी १८ नोव्हेंबरला आले. त्या मधल्या सात-आठ आठवड्यांत आम्ही दारात उभ्या राहणाऱ्या टँकरवर आणि पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांवर दिवस काढले. भांडी घासायला ओढ्याचे पाणी उकळून वापरले. रस्ते वाहून गेलेले, वीज नाही, टपाल बंद. अशा स्थितीत मतदान कसे होणार, हा प्रश्न आम्हाला खरोखर पडला होता. त्या वेळच्या निवडणूक मंडळाने, ज्यात दोन्ही पक्षांचे सदस्य होते, वादळग्रस्त काउंट्यांसाठी नियम सैल करण्याचा ठराव एकमताने केला. केंद्रे कमी होती, पण १७ ऑक्टोबरला ठरल्या दिवशी आगाऊ मतदान सुरू झाले. मी चिखलाने माखलेल्या बुटांनी रांगेत उभा होतो, आणि माझ्या पुढे उभ्या असलेल्या बाईंचे घर वाहून गेले होते. त्या मत द्यायला आल्या होत्या.

विधेयक ३८२ च्या शीर्षकात वादळग्रस्तांच्या मदतीचा उल्लेख होता. त्यात मदतनिधीसाठी २२ कोटी ७० लाख डॉलर बाजूला काढले होते, पण पुढच्या कायद्याशिवाय ते खर्च करता येणार नव्हते. बाकीच्या शंभराहून अधिक पानांत अधिकारांच्या अदलाबदली होत्या. पश्चिमेकडच्या तीन रिपब्लिकन आमदारांनी नोव्हेंबरमध्ये विधेयकाच्या विरोधात मत दिले होते. डिसेंबरमध्ये व्हेटो उलटवताना मात्र ते पक्षाबरोबर गेले, आणि त्यांच्या मतांशिवाय ७२ झाले नसते. आमच्या दुःखाचे नाव त्या कागदावर वापरले गेले, याचे मला आजही वाईट वाटते.

---

जुनी_वही

धागाकर्त्याची तळमळ समजते. तरीही दुसरी बाजू नीट मांडली जावी म्हणून लिहितो. मी या राज्यात १९८६ पासून आहे.

पहिला मुद्दा घटनेचा. गव्हर्नर वगळता या निवडून आलेल्या अधिकाऱ्यांची कर्तव्ये ‘कायद्याने ठरवून दिल्याप्रमाणे’ असतील, असे राज्यघटनेच्या तिसऱ्या भागात म्हटले आहे. कायदा करते विधिमंडळ. तेव्हा ऑडिटरला नवे काम देणे हा घटनेने दिलेल्या अधिकाराचाच वापर आहे, असा युक्तिवाद करता येतो आणि तो पोकळ नाही. एप्रिल २०२५ मध्ये वेक काउंटीतल्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो फेटाळला. आठवड्याभरात अपील न्यायालयाने कायदा लागू होऊ दिला आणि मे महिन्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो रोखण्यास नकार दिला. शिवाय ऑडिटरही राज्यभरातून निवडून आलेलाच आहे. गव्हर्नरने नेमलेले मंडळ लोकशाहीचे आणि ऑडिटरने नेमलेले तसे नाही, हे मला तर्काला धरून वाटत नाही. गव्हर्नरही पक्षाचाच माणूस असतो.

दुसरा मुद्दा इतिहासाचा. १९८८ मध्ये जिम गार्डनर हे रिपब्लिकन लेफ्टनंट गव्हर्नर म्हणून निवडून आले. तोपर्यंत सिनेटच्या समित्या नेमण्याचा मोठा अधिकार त्या पदाकडे होता. सिनेटमध्ये बहुमत डेमोक्रॅटिक पक्षाचे होते. त्यांनी १९८९ च्या सुरुवातीलाच तो अधिकार काढून आपल्या सभापतींकडे घेतला आणि लेफ्टनंट गव्हर्नरकडे अध्यक्षस्थानी बसणे व समसमान मते पडल्यास निर्णायक मत देणे एवढेच ठेवले. तेव्हा माझ्या डेमोक्रॅटिक मित्रांना त्यात गैर काही वाटले नव्हते. २०१६ मध्ये कूपर सुमारे दहा हजार मतांनी जिंकल्यावर डिसेंबरच्या विशेष अधिवेशनात त्यांचे अधिकार कापले गेले, हेही खरे. म्हणून मी म्हणतो की ही या राज्याची जुनी खोड आहे, एका पक्षाची नव्हे.

---

कॅरीनिवासी (धागाकर्ता)

जुनी_वही, १९८९ चे उदाहरण मला ठाऊक नव्हते आणि ते आपण पुढे आणलेत याबद्दल आभारी आहे. ते त्या वेळीही चूक होते, असे मी आज म्हणतो. घटनेतल्या शब्दांबद्दलही आपण म्हणता ते वरवर पटण्यासारखे आहे, पण दोन गोष्टी त्याच्या आड येतात.

कायदे प्रामाणिकपणे अमलात आणण्याची जबाबदारी घटनेने गव्हर्नरवर टाकली आहे. जानेवारी २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले होते की ती पार पाडायची तर निवडणूक मंडळावर गव्हर्नरचे पुरेसे नियंत्रण हवे. दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. नोव्हेंबर २०१८ मध्ये निवडणूक मंडळाच्या नेमणुका गव्हर्नरकडून काढून विधिमंडळाच्या हाती देणारी घटनादुरुस्ती लोकांपुढे ठेवली गेली होती. तेव्हा हयात असलेल्या पाचही माजी गव्हर्नरांनी, तीन डेमोक्रॅटिक आणि दोन रिपब्लिकन, तिला एकत्र विरोध केला, आणि साठ टक्क्यांहून अधिक मतदारांनी ती फेटाळली. लोकांना थेट विचारले तेव्हा त्यांनी थेट ‘नाही’ म्हटले होते. ऑडिटरमार्फत जाणारा रस्ता त्यांना कोणी विचारलाच नाही. बोलिएक लोकांनीच निवडलेले आहेत, हे मान्य. पण ‘हा माणूस हिशेब तपासण्यास योग्य आहे का’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून त्यांना मते मिळाली. निवडणुका कोणी चालवाव्यात हा प्रश्न त्या ओळीवर नव्हता. तो असता तर ती ओळ मी कोरी सोडली नसती, आणि माझ्यासारख्या इतर अनेकांनीही सोडली नसती.

गार्डनर यांच्या वेळी जे कापले गेले ते सिनेटच्या आतले अधिकार होते. इथे ज्या मंडळावर हात पडला, ते त्याच विधिमंडळाच्या निवडणुका घेते. हा फरक मला लहान वाटत नाही.

---

ॲटलांटाकर

शेजारच्या जॉर्जियातून लिहितो. आमच्याकडेही ही पदे वेगवेगळी निवडली जातात, पण अध्यक्षीय निवडणुकीच्या वर्षी नव्हे तर मधल्या वर्षी : २०२२ मध्ये झाली, पुढची २०२६ मध्ये. आणि कोणालाच निम्म्याहून अधिक मते मिळाली नाहीत, तर आमच्याकडे पहिल्या दोघांत पुन्हा लढत होते. नॉर्थ कॅरोलायनात तसे नाही, सर्वाधिक मते घेणारा जिंकतो.

निवडणुकांचे काम आमच्याकडे सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे असते, आणि ही ओळ किती महत्त्वाची आहे हे आम्हाला २ जानेवारी २०२१ ला कळले. त्या दिवशी, २०२० ची निवडणूक आमच्या राज्यात हरलेल्या ट्रम्प यांनी सेक्रेटरी ब्रॅड रॅफेन्सपर्गर यांना दूरध्वनी करून ११,७८० मते शोधण्यास सांगितले. रॅफेन्सपर्गर त्यांच्याच पक्षाचे होते, आणि त्यांनी ते केले नाही. २०१८ मध्ये त्यांची लढत किती जणांनी लक्ष देऊन पाहिली असेल? त्यानंतर २०२१ च्या कायद्याने आमच्या विधिमंडळाने सेक्रेटरीला राज्य निवडणूक मंडळाच्या अध्यक्षपदावरून हटवून त्यांचे मतही काढून घेतले. रॅफेन्सपर्गर यांना मात्र २०२२ मध्ये लोकांनी पुन्हा निवडून दिले.

---

नवमतदार

मी २०२४ च्या उन्हाळ्यात नागरिकत्वाची शपथ घेतली आणि मॉरिसव्हिलमध्ये पहिल्यांदा मत दिले. खरे सांगायचे तर निम्म्या ओळी मी पक्ष पाहून भरल्या. कामगार आयुक्त किंवा विमा आयुक्त या पदांचा आपल्या रोजच्या जगण्याशी काय संबंध असतो, हे कोणी सांगेल का? आणि कागदी मतपत्रिका पाहून मला आश्चर्य वाटले. भारतात यंत्रांवर मत देऊन सवय झालेली. इतक्या प्रगत देशात कागद आणि पेन का?

---

कॅरीनिवासी (धागाकर्ता)

कागदाचे उत्तर या राज्यातल्या एका शेती आयुक्ताच्या निवडणुकीतच आहे. २००४ मध्ये स्टीव्ह ट्रॉक्सलर २,२८७ मतांनी पुढे होते, आणि किनाऱ्यावरच्या कार्टरेट काउंटीत यंत्राची साठवणक्षमता संपल्यामुळे ४,४३८ मते नोंदलीच गेली नाहीत. कागद नव्हता, त्यामुळे ती मते पुन्हा मोजण्याचा मार्गच नव्हता. वाद फेब्रुवारी २००५ पर्यंत चालला आणि शेवटी प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली. त्याच वर्षी विधिमंडळाने प्रत्येक मताचा कागदी पुरावा सक्तीचा केला. भारतात यंत्राशेजारी कागदी पावतीची पेटी आली, तिच्यामागचा विचार हाच आहे. इथे त्याचा उपयोग २०२४ मध्ये पुन्हा दिसला. राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी ॲलिसन रिग्ज यांची आघाडी पंचावन्न लाखांत ७३४ मतांची होती, आणि मतपत्रिका हाताशी होत्या म्हणून फेरमोजणी होऊ शकली. प्रतिस्पर्धी जेफरसन ग्रिफिन यांनी साठ हजारांहून अधिक मतदारांच्या मतांवर आक्षेप घेतला. त्या यादीत आपले नाव आहे का, हे आमच्याकडच्या अनेक घरांत शोधले गेले. केंद्रीय न्यायालयाने रिग्ज यांच्या बाजूने निर्णय दिल्यावर, ७ मे २०२५ ला, म्हणजे मतदानानंतर सहा महिन्यांनी, ग्रिफिन यांनी पराभव मान्य केला.

आता तुमचा पहिला प्रश्न. उद्या कार्यालयात लिफ्टमध्ये शिराल तेव्हा भिंतीवरचे तपासणीचे प्रमाणपत्र पाहा. लिफ्ट सुरक्षित आहे याची तपासणी कामगार आयुक्ताचे खाते करते. चेरी बेरी या पदावर २००१ पासून २०२१ पर्यंत होत्या आणि त्यांचे छायाचित्र त्या प्रमाणपत्रावर असे. मी इथे आलो तेव्हा ज्या बाईंचा चेहरा मी रोज पाहत असे त्या कोण, हे मला कित्येक वर्षे ठाऊक नव्हते. जत्रेतल्या पाळण्यांची तपासणीही तेच खाते करते. पेट्रोल भरताना पंपावरची चिकटपट्टी वाचा. मापात खोट नाही हे सांगणारे ते नाव शेती आयुक्ताचे असते. विम्याचे तर पैशांत सांगता येते. जानेवारी २०२४ मध्ये विमा कंपन्यांच्या मंडळाने घरविम्याच्या हप्त्यात राज्यभर सरासरी ४२.२ टक्के वाढ मागितली. आयुक्त कॉझी यांनी ती नाकारली, आणि वर्षभराने तडजोड झाली ती २०२५ मध्ये ७.५ आणि २०२६ मध्ये ७.५ टक्क्यांवर. त्या ओळीवर मी त्यांच्या विरोधात मत दिले होते. हे काम त्यांनी चांगले केले असे आज म्हणायला मला संकोच वाटत नाही.

---

हिशोबनीस

नवमतदार यांच्यासाठी एक व्यवहाराची गोष्ट. मतदानाच्या काही आठवडे आधी निवडणूक मंडळाच्या संकेतस्थळावर आपले नाव घातले की आपल्या पत्त्याची नमुना मतपत्रिका छापून घेता येते. मी ती छापतो, प्रत्येक पदासमोर त्या पदाचे काम एका ओळीत लिहितो आणि भरलेला कागद केंद्रात बरोबर नेतो. कागद नेण्यास मनाई नाही, भरलेल्या मतपत्रिकेचे छायाचित्र काढण्यास मात्र आहे.

---

कॅरीनिवासी (धागाकर्ता)

उत्तम सूचना. कौन्सिल ऑफ स्टेटची दहा पदे आता २०२८ मध्येच मतपत्रिकेवर येतील, पण विधिमंडळाच्या सर्व १७० जागांची मुदत दोनच वर्षांची असल्याने त्या नोव्हेंबर २०२६ मध्ये पुन्हा आहेत. दहा पदांची कामे ठरवणारे हेच लोक. आमच्या भागातली पाच-सहा मराठी कुटुंबे ऑक्टोबरमध्ये एका रविवारी दुपारी आमच्याकडे नमुना मतपत्रिका घेऊन बसणार आहेत. पक्ष कोणाचा कोणता हे विचारायचे नाही, फक्त प्रत्येक ओळ वाचायची आणि त्या पदावरचा माणूस काय करू शकतो ते शोधायचे, असे ठरले आहे. राली, डरम, ॲपेक्स परिसरातल्या कोणाला यायचे असेल तर व्यक्तिगत निरोप पाठवावा. चहा आमच्याकडे, छापलेले कागद आपापले.